व्हायलवर नुसता आकडा लिहून भागणार नाही: औषध महानियंत्रकांना खुले पत्र

प्रति,
भारताचे औषध महानियंत्रक,
केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना, नवी दिल्ली

विषय: पेशी-उपचारांचे प्रमाणीकरण

महोदय,

सादर नमस्कार.

मी पुण्यात एका पेशी-प्रयोगशाळेत गुणवत्ता तपासणीचे काम करते. पेशी वाढवणारे वेगळे, त्या रुग्णाला टोचणारे वेगळे. मधे बसून ‘ही बॅच जाऊ द्या’ किंवा ‘ही थांबवा’ अशी सही करणाऱ्यांपैकी मी एक. ती सही करताना आमच्या पुढ्यात काय असते आणि काय नसते, हे तुमच्या कार्यालयाला ठाऊक आहे. प्रत्येक अर्जासोबत ते कागद तुमच्याकडे येतातच. ज्यांच्या गुडघ्यात, मणक्यात, पोटरीत या पेशी जातात त्यांना मात्र ते कोणी सांगत नाही. म्हणून हे पत्र पाकिटात न घालता उघडच लिहिते आहे.

रुग्णाचा नातेवाईक हमखास विचारतो तो प्रश्न म्हणजे ‘किती मिलियन?’ गुडघ्याची गादी झिजलेल्या आईसाठी मुलगा चौकशी करतो तेव्हा एका ठिकाणी अडीच कोटी पेशी सांगतात, दुसऱ्या ठिकाणी पाच कोटी, आणि पाच कोटीवाला त्याला साहजिकच सरस वाटतो. जाहिराती हीच भाषा बोलतात, काही डॉक्टरही बोलतात, आणि आमच्या लेबलवरही ठळक अक्षरांत तोच आकडा असतो.

हा आकडा येतो कसा? पेशींचा थेंब घ्यायचा, त्यात ट्रिपॅन ब्लू हा निळा रंग मिसळायचा, मेलेल्या पेशी निळ्या दिसतात, उरलेल्या चौकटी आखलेल्या काचेवर मोजायच्या. दोघांनी एकच नमुना मोजला तरी आकडे जुळतीलच असे नाही. यंत्राने मोजला तर तिसराच. पेशी कशा मोजाव्यात एवढ्यासाठी २०१८ मध्ये स्वतंत्र आयएसओ मानक काढावे लागले, यावरून काय ते समजावे. त्यानंतर पेशी डीएमएसओ (गोठताना पेशींना जपणारे रसायन) घातलेल्या द्रवात मिसळून उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये जातात. क्रायोकॅनमधून, म्हणजे त्या नायट्रोजनच्या टाकीतून, निघाल्यापासून रुग्णालयात वितळून सिरिंजमध्ये येईपर्यंत त्यांतल्या किती जगल्या? वितळवल्याबरोबर जिवंत दिसलेली पेशीसुद्धा पुढच्या काही तासांत मरू शकते. जी मरत नाही तिचीही दाह आवरण्याची ताकद काही काळ मंदावलेली असते, असे प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे अडीच कोटी हा आकडा प्रामाणिक असला तरी तो एका विशिष्ट क्षणाचा असतो, आणि तो क्षण सहसा इंजेक्शनचा नसतो.

समजा, मोजणी अचूक झाली. मग त्या पेशी आहेत कसल्या, हा पुढचा प्रश्न. मेझेन्कायमल पेशी, म्हणजे अस्थिमज्जेत किंवा चरबीत सापडणाऱ्या मूलपेशी (आमच्या बोलण्यातल्या एमएससी), कशाला म्हणायचे याचे किमान निकष आंतरराष्ट्रीय पेशी-उपचार संस्थेने २००६ मध्ये ठरवले. प्लास्टिकला चिकटल्या पाहिजेत. सीडी७३, सीडी९० आणि सीडी१०५ या खुणा किमान ९५ टक्के पेशींवर हव्यात. रक्तपेशींच्या खुणा २ टक्क्यांच्या वर नकोत. आणि डिशमध्ये त्यांच्यापासून हाड, चरबी व कूर्चा घडवता आली पाहिजे. आज जवळपास प्रत्येक प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्रात हीच यादी असते. ती वाईट नाही. पण ती पेशीची ओळख पटवते, पेशीला काम येते की नाही ते सांगत नाही. विशीतल्या दात्याची अस्थिमज्जा आणि साठीतल्या दात्याची, तिसऱ्या पॅसेजच्या (म्हणजे तिसऱ्यांदा नव्या भांड्यात वाढवायला घातलेल्या) पेशी आणि आठव्या पॅसेजच्या, वासराच्या सीरमवर वाढवलेल्या आणि मानवी प्लेटलेटच्या अर्कावर वाढवलेल्या: ही सगळी मंडळी या यादीत पास होऊ शकतात. या खुणा मोजणाऱ्या फ्लो सायटोमेट्री तंत्राचे आलेख शेजारी शेजारी ठेवले तर ओळखूही येणार नाहीत. दाह आवरण्याची परीक्षा घेतली की एक बॅच दुसरीच्या निम्म्यानेही चालत नाही. सीरमचा लॉट बदलला की काय होते ते पेशी वाढवणाऱ्या कोणालाही विचारा. चांगला लॉट सापडला की वर्षभराचा साठा करून ठेवायची धडपड उगाच नसते.

रासायनिक गोळीचे प्रमाणीकरण यामानाने सरळ असते. रेणू ठरलेला, शुद्धता मोजता येते, मिलिग्रॅम हा मिलिग्रॅमच. जिवंत वस्तूपासून बनवलेल्या औषधाला ही सोय कधीच नव्हती, आणि तरीही मागच्या पिढ्यांनी वाट काढली. १८९० च्या दशकात घटसर्पावरचे सीरम बाजारात आले तेव्हा एका कारखान्याचे सीरम मुलाला वाचवी आणि दुसऱ्याचे नुसतेच टोचले जाई. पाउल एर्लिख यांनी १८९७ मध्ये एक सीरम वाळवून, निर्वात नळीत, अंधारात आणि थंडीत जपून ठेवले आणि सांगितले की, प्रत्येकाने आपले सीरम याच्याशी ताडून पाहावे. सीरममध्ये नेमके काय आहे हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. तरी ‘युनिट’ ठरले, कारण तुलनेला सगळ्यांची एकच वस्तू होती. इन्सुलिनच्या बाबतीत पुढे राष्ट्रसंघाने हेच केले.

पेशी वाळवून नळीत ठेवता येत नाहीत आणि गोठवलेला साठा कधीतरी संपतोच, हे मला कळते. पण एकाच दात्याच्या अस्थिमज्जेतून एका ठरीव पद्धतीने वाढवलेला मोठा साठा करून ‘संदर्भ पेशी’ म्हणून देशभर वाटणे अशक्य नाही. माझ्या प्रयोगशाळेपासून जवळच, विद्यापीठाच्या गणेशखिंड आवारात, राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. देशभरातल्या संशोधकांना पेशींच्या वाणांचा पुरवठा करायचे काम हे केंद्र अनेक वर्षे करत आले आहे. नोएडाला राष्ट्रीय जैविक संस्था आहे, तिथे जैविक औषधांच्या बॅचेस तपासल्या जातात. या दोन्ही ठिकाणी अनुभवी हात आहेत. संदर्भ पेशींची पेढी इथे का होऊ नये? दरवेळी स्वतःच्याच मागच्या बॅचशी तुलना करून ‘ठीक आहे’ म्हणण्यापेक्षा आम्हाला सगळ्यांना एकाच साठ्याशी ताडता आले, तर निदान कोण कुठे उभे आहे ते कळेल. दोन कंपन्यांचे ‘अडीच कोटी’ तेव्हा कुठे शेजारी ठेवून पाहता येतील.

आता पोटन्सीकडे, म्हणजे पेशीची कामाची क्षमता तपासण्याकडे. खरी गाठ इथे आहे. ऑस्ट्रेलियातल्या मेझोब्लास्ट कंपनीच्या रेमेस्टेमसेल या एमएससी उत्पादनाचे उदाहरण तुम्हाला ठाऊक असेलच. अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर दात्याच्या पेशी रुग्णाच्याच शरीरावर उलटतात, त्या आजारात स्टेरॉइड लागू न पडलेल्या मुलांसाठी ते होते. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रक संस्थेच्या, एफडीएच्या, सल्लागार समितीने मोठ्या बहुमताने अनुकूल कौल दिला. एफडीएने तरीही परवानगी नाकारली, २०२३ मध्ये पुन्हा नाकारली आणि अखेर १८ डिसेंबर २०२४ ला दिली. मधल्या सगळ्या वादात एक प्रश्न सतत होता: प्रयोगशाळेत तुम्ही जे मोजता त्याचा आणि मूल बरे होण्याचा संबंध काय? एका बॅचचा पोटन्सी आकडा चढा आणि दुसरीचा उतरता असेल, तर रुग्णांतही तो फरक दिसतो का?

एफडीए हटून बसली ते मला बरोबर वाटते. चार वर्षे गेली, आणि या आजाराच्या मुलांकडे चार वर्षे नसतात, हेही तितकेच खरे. दोन्हींचा मेळ घालायचा असेल तर नियंत्रकाने ‘तुमची चाचणी पुरेशी नाही’ हे रुग्णांवरच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचण्या संपल्यावर सांगून उपयोग नाही. पहिल्या टप्प्याच्या वेळीच बसून ठरवायला हवे. कोणत्या आजारासाठी कोणती क्षमता मोजायची? गुडघ्याच्या झिजेत दाह आवरणारे स्राव बघायचे की कूर्चेचे घटक? पायाच्या बंद पडत चाललेल्या रक्तवाहिन्यांसाठी नव्या वाहिन्या फुटायला लावणारे स्राव मोजायचे का? आज हे प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीने ठरवते आणि तुमची तज्ज्ञ समिती प्रकरणागणिक बघते. समितीच्या शिफारशी संकेतस्थळावर येतात ही चांगली गोष्ट आहे, पण त्यांत निर्णय दोन-चार ओळींचा असतो. पोटन्सी कशी मोजली, कोणती मर्यादा मान्य केली, किती बॅचेस त्या मर्यादेबाहेर गेल्या, यातले काही बाहेरच्याला वाचायला मिळत नाही.

आपल्याकडे काहीच घडलेले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. बंगळुरूच्या स्टेमप्युटिक्सच्या पेशींना तुमच्याच कार्यालयाने २०१६ मध्ये बर्जर आजारासाठी (हातापायांच्या रक्तवाहिन्या बंद पडतात तो) मर्यादित आणि २०२२ मध्ये गुडघ्याच्या झिजेसाठी परवानगी दिली. त्यांनी अनेक दात्यांच्या पेशी एकत्र करून साठा बनवायची वाट धरली, म्हणजे एका दात्याचा कमकुवतपणा बॅचभर पसरत नाही. प्रमाणीकरणाच्या दृष्टीने ही चांगली युक्ती आहे आणि तिचे कौतुक व्हायला हवे तेवढे झालेले नाही. त्याच्या दुसऱ्या टोकाला आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक यांच्या कामातून उभी राहिलेली नेक्सकार१९ ही पेशी-उपचारपद्धती, ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झालेली. ती पुनर्जननातली नाही, कर्करोगावरची आहे, पण तिच्याकडून शिकण्यासारखे आहे. तिथे प्रत्येक रुग्ण ही एक स्वतंत्र बॅच असते, कारण पेशी त्याच्याच. तरीही तिची क्षमता तपासणे आमच्यापेक्षा सोपे, कारण पेशीने काय करायचे ते नेमके ठरलेले आहे: सीडी१९ ही खूण असलेली पेशी मारायची. मारली की नाही ते डिशमध्ये दिसते. एमएससीच्या माथी मात्र आम्ही दहा कामे मारली आहेत, आणि त्यातले नेमके कोणते रुग्णाच्या उपयोगी पडते यावर अजून भांडण चालू आहे.

इथवर जे लिहिले ते परवाना मागायला येणाऱ्यांबद्दल. आता न येणाऱ्यांबद्दल.

२०१९ च्या नवी औषधे व वैद्यकीय चाचण्या नियमांत मूलपेशींपासून बनवलेले उत्पादन ‘नवे औषध’ ठरते ते त्यावर लक्षणीय प्रक्रिया केली असेल तर. पेशी वाढवल्या, त्यांचे गुणधर्म बदलले, की तुमचा कायदा लागू. पण धुणे, सेंट्रिफ्यूज करणे, गोठवणे यांना नियम लक्षणीय प्रक्रिया मानत नाही. ही सवलत देण्यामागचा हेतू समजतो. प्रत्येक अस्थिमज्जा प्रत्यारोपणाला औषध परवाना लावला तर रुग्णालये बंद पडतील. मात्र याच फटीतून कमरेच्या हाडातून मज्जा काढायची, यंत्रात फिरवायची आणि तासाभरात गुडघ्यात, खांद्यात, मणक्यात सोडायची, असा धंदा गावोगावी उभा राहिला आहे. बोर्डावर शब्द ‘स्टेम सेल’. त्या सिरिंजमध्ये मूलपेशी किती, रक्तपेशी किती, जंतू आहेत का, हे कोणी मोजत नाही, कारण मोजायला कोणी सांगितलेलेच नाही. एका बाजूला परवानाधारकाने जंतू, मायकोप्लाझ्मा, एंडोटॉक्सिन, गुणसूत्रे, सगळे तपासून, महिनोन्‌महिने कागद भरून बॅच सोडायची. आणि दुसऱ्या बाजूला ज्याने काहीच तपासले नाही तो नियमाबाहेर, म्हणून निर्धास्त. आमच्या क्षेत्रातला तरुण यातून काय धडा घेईल?

अमेरिकेत ही फट किती महागात पडली ते सर्वांनी पाहिले आहे. फ्लोरिडातल्या एका क्लिनिकमध्ये २०१५ साली तीन स्त्रियांच्या डोळ्यांत त्यांच्याच चरबीतून काढलेल्या पेशी टोचल्या, दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी. तिघींचीही दृष्टी जवळजवळ गेली. ‘स्वतःच्याच पेशी आहेत, त्यात धोका कसला’ हे वाक्य मी पुण्यातही ऐकले आहे. चरबीतून अशा पेशी वेगळ्या काढून टोचणे म्हणजे औषध देणेच, हे तिथल्या अपील न्यायालयाने २०२४ मध्ये एका कॅलिफोर्नियाच्या क्लिनिकविरुद्धच्या खटल्यात पुन्हा स्पष्ट केले.

आपल्याच इतिहासातली एक गोष्ट इथे लिहायलाच हवी. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी प्लेगची लस टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात होऊन मृत्यू आला. लस आली होती आपल्या परळच्या प्रयोगशाळेतून, जी आज हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. वाल्डेमार हाफकिन यांच्यावर ठपका आला, नोकरी गेली, आणि १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. दोष प्रयोगशाळेत घडला की बाटली गावात उघडताना, यावर पाच वर्षे वाद झाला. पण वाद घालता आला तो एका गोष्टीमुळे: मेलेल्या सगळ्यांना टोचलेली लस एकाच बाटलीतली होती आणि त्या बाटलीचा क्रमांक माहीत होता, ५३-एन. त्याच दिवशी बाकीच्या बाटल्यांतून टोचून घेतलेली माणसे धडधाकट राहिली, हेही सांगता आले. गेल्या महिन्यात गुडघ्यात ‘स्टेम सेल’ घेतलेल्या एखाद्या आजींना विचारा, त्यांच्या इंजेक्शनचा बॅच क्रमांक काय. डिस्चार्ज कार्डावर तो सापडला तर मी हे पत्र मागे घेईन.

स्वमग्न मुलांच्या आईवडिलांबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण या विषयावर बरेच बोलले गेले आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या आचारनीती मंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये स्वमग्नतेसाठी मूलपेशी-उपचाराची शिफारस करता येत नाही, आणि त्याची जाहिरात करणे हे व्यावसायिक गैरवर्तन, असे सांगितले. रक्ताच्या आजारांतले प्रत्यारोपण वगळता बाकी वापर चाचणीतच व्हावा, हे वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहेच. पण ती तत्त्वे आहेत, कायदा नव्हे, आणि हे क्लिनिकवाल्यांना आपल्यापेक्षा चांगले समजते.

मग मागणी काय? संदर्भ पेशींची पेढी आणि आजारागणिक पोटन्सीची लवकर ठरलेली, सर्वांना वाचता येणारी रूपरेषा, या दोन वर आल्या. तिसरी नोंदवहीची. प्रक्रिया कमी असो वा जास्त, मूलपेशी म्हणून शरीरात जे जाईल त्याची राष्ट्रीय नोंद व्हावी: बॅच क्रमांक, दात्याचा वयोगट, पॅसेज, वितळवल्यानंतरची मोजणी, आणि सहा महिने व वर्षानंतर रुग्णाचे काय झाले ते. सेंट्रिफ्यूजवाल्यांना परवान्याच्या जाचातून सूट असू द्या, नोंदीतून नको. जपानने २०१५ मध्ये हार्टशीट या, रुग्णाच्याच मांडीच्या स्नायूपेशींपासून बनवलेल्या हृदयाच्या ठिगळाला अगदी थोड्या रुग्णांवरच्या पुराव्यावर सशर्त परवानगी दिली. घाई केली म्हणून बरीच टीकाही झाली, मला ती योग्य वाटते. पण अट होती ती पाळली गेली. वापरलेल्या प्रत्येक रुग्णाची माहिती जमा झाली, परिणाम सिद्ध होईना, आणि २०२४ मध्ये ते उत्पादन बाजारातून गेले. एखादी गोष्ट चालत नाही हे ठामपणे सांगता येणे, हीही मोठी मिळकत आहे. आपल्याकडे चालते की नाही, दोन्ही सांगता येत नाही.

याला विरोध कोणाकडून येईल ते मला दिसते. छोट्या शैक्षणिक प्रयोगशाळा म्हणतील, एवढे सगळे आम्हाला परवडणार नाही. त्यांचे म्हणणे उडवून लावू नका. ताज्या पेशींची मुदत काही तासांची आणि निर्जंतुकतेची पारंपरिक चाचणी १४ दिवसांची. निकाल येतो तेव्हा पेशी रुग्णात जाऊन जवळपास दोन आठवडे झालेले असतात. अशा ठिकाणी जलद पद्धती मान्य करा, सशर्त सोडणूक मान्य करा, पहिल्या टप्प्याच्या चाचणीकडून तिसऱ्या टप्प्याची शिस्त मागू नका. पण टप्प्याटप्प्याने सवलत देणे वेगळे आणि मोजूच नका म्हणणे वेगळे. माझ्या अनुभवात खर्च मोजण्याचा फार नसतो. प्रत्येकाने स्वतःची पद्धत शून्यापासून बसवण्याचा असतो. संदर्भ पेशी आणि ठरीव पद्धत मिळाली तर लहानांचाच खर्च आधी कमी होईल.

यावर तुम्ही बैठक बोलावलीत, तर एक विनंती. शास्त्रज्ञ, कंपन्या आणि रुग्णालयांचे प्रमुख असतीलच. त्यांच्या जोडीला बॅचवर सही करणारे चार-सहा लोकही बोलवा, आणि त्यांना सांगा की येताना गेल्या वर्षी थांबवलेल्या बॅचेसचे कागद घेऊन या. चर्चेची सुरुवात त्या कागदांपासून करा.

आपली,
गुणवत्ता तपासनीस, पेशी-प्रयोगशाळा, पुणे

प्रत: महासंचालक, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, आयुक्त, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य